टास्क मॅनेजरमधले अनोळखी पाव्हणे कसे ओळखायचे

मे-जून आला की आमच्या चुलतभावाच्या सेवा केंद्रावर मरणाची गर्दी असते, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रिमीलेअर, पोरं आणि त्यांचे आईबाप सकाळी नवापासून बाकड्यावर बसलेले. अशा गर्दीत त्याचा फोन आला, "दादा, कॉम्प्युटरचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा आवाज करतोय, एक पीडीएफ उघडायला दोन मिनिटं लागतायत, नवीन विंडोज मारू का?" मी म्हटलं थांब, आधी टास्क मॅनेजर (म्हणजे विंडोजमध्ये आत्ता काय काय चालू आहे त्याची यादी) उघड आणि सगळ्यात वर कोण बसलंय ते सांग. त्याने उघडलं. "काहीच नाय रे, सीपीयू पाच टक्के दाखवतोय, आणि पंखा पण गप झाला आता." बरं म्हटलं, ठेवला फोन. दहा मिनिटांत परत फोन, परत गिरणी चालू. परत टास्क मॅनेजर उघडलं, परत शांत.

तिथंच माझी ट्यूब पेटली. टास्क मॅनेजर उघडलं की गप बसणारा प्रोग्राम म्हणजे आत कुणीतरी लपलंय आणि आपल्याकडे कुणी बघतंय हे त्याला कळतंय. तो कसा सापडला ते पुढे सांगतो, पण आधी साध्या गोष्टी, कारण शंभरातल्या नव्वद जणांना जी नावं बघून घाम फुटतो ती घरचीच माणसं असतात.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. छोटीशीच खिडकी आली तर खाली मोअर डिटेल्स दाबा. काही न करता बसलेल्या विंडोजमध्ये पण दीडशे-दोनशे प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्राम, आरामात सुरू असतात, तो आकडा बघून दचकू नका. डिटेल्सच्या टॅबमध्ये सिस्टिम आयडल प्रोसेस नावाचा एकजण ९५-९८ टक्के सीपीयू खाताना दिसतो आणि लोक त्यालाच व्हायरस समजतात, पण तो म्हणजे रिकामा वेळ आहे हो, तो ९८ टक्के म्हणजे तुमचा सीपीयू ९८ टक्के माश्या मारत बसलाय. त्याचा पीआयडी म्हणजे प्रोसेसचा नंबर कायम शून्य असतो, आणि नुसतं सिस्टिम नाव असलेल्याचा कायम ४. हे दोघं सोडून द्या.

आता अनोळखी नाव दिसलं तर काय करायचं. गावात नवा माणूस दिसला की पारावरची म्हातारी माणसं काय विचारतात? पाव्हणं कुठलं, कुणाच्यात आलाय, कुणी बोलावलं, काय काम काढलंत. नाव सगळ्यात शेवटी विचारतात, कारण नाव काय कुणीही काहीही सांगेल. प्रोसेसचं अगदी तसंच आहे. आपण उलटं करतो, नाव उचलतो आणि गूगलवर टाकतो, मग पहिल्या चार साइट सांगतात की हा भयंकर व्हायरस आहे, आमचं क्लीनर डाउनलोड करा, आणि ते क्लीनर टाकल्यावर खरा त्रास सुरू होतो. नावावरून शोधू नका असं नाही, पण ते शेवटी.

पहिला प्रश्न, राहतो कुठं. प्रोसेसवर राइट क्लिक करा, ओपन फाइल लोकेशन दाबा, फोल्डर उघडेल. विंडोजची स्वतःची बहुतेक मंडळी सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये सिस्टिम३२ मध्ये राहतात. एक्सप्लोरर, म्हणजे ज्याच्यामुळे तुमचा टास्कबार आणि फोल्डर दिसतात, तो थेट विंडोज फोल्डरमध्ये असतो, सिस्टिम३२ मध्ये नाही. डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचं इंजिन, जे अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल नावाने दिसतं आणि जुन्या मशीनवर डिस्क शंभर टक्क्यावर नेतं, ते प्रोग्रामडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये सापडेल, घाबरू नका, ते खरंच तिथं असतं. तुम्ही टाकलेली सॉफ्टवेअर प्रोग्राम फाइल्समध्ये. संशयाची जागा म्हणजे टेम्प, डाउनलोड्स, पब्लिक, आणि तुमच्या नावाच्या फोल्डरमधलं अ‍ॅपडेटा. पण अ‍ॅपडेटा दिसलं की लगेच डिलीट मारू नका, झूम, डिस्कॉर्ड असली भली मंडळी पण तिथंच भाड्याने राहतात. विंडोजचं नाव लावून अ‍ॅपडेटामध्ये राहणारा मात्र हमखास तोतया.

तोतयाचं सगळ्यात आवडतं नाव म्हणजे एसव्हीसीहोस्ट, टास्क मॅनेजरमध्ये तो सर्व्हिस होस्ट म्हणून दिसतो. हा खरा असला तर विंडोजचा हमाल आहे, स्वतःचं काम काही नाही, दुसऱ्या सर्व्हिसेस, म्हणजे मागे गुपचूप चालणारी कामं, पाठीवर घेऊन फिरतो. पूर्वी एकेका हमालाच्या पाठीवर दहा-दहा गोण्या असायच्या, २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून ३.५ जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या मशीनवर बहुतेक सर्व्हिसला वेगळा हमाल मिळाला, म्हणून आता साठ-सत्तर एसव्हीसीहोस्ट दिसतात. ते नॉर्मल आहे. कुठल्या हमालाच्या पाठीवर काय आहे बघायचं असेल तर शेजारचा छोटा बाण दाबा, सर्व्हिसचं नाव उलगडतं.

आता इथं एक अडचण आहे, मी ही नावं देवनागरीत लिहितोय पण स्क्रीनवर ती इंग्रजी अक्षरात असणार, आणि चोरी तिथंच होते. खऱ्या नावात एस, मग व्ही, मग सी येतो. नकली फाइलमध्ये एस, सी, व्ही असतं, घाईत डोळ्याला अजिबात कळत नाही. दुसरी चाल म्हणजे एलसॅस, जो तुमचा लॉगिन-पासवर्ड सांभाळतो, त्याच्या सुरुवातीच्या छोट्या एलच्या जागी मोठा आय टाकायचा, टास्क मॅनेजरच्या फॉन्टमध्ये दोन्ही नुसती उभी काडी दिसते. ओळखायचं कसं तर फाइल लोकेशन उघडून नाव कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा आणि कॉन्सोलाससारखा फॉन्ट लावा, मग काडी कुठली आणि आय कुठला लगेच कळतं. शिवाय एलसॅस एकच असतो, आणि विंडोजचीच बाकी मुख्य मंडळी म्हणजे विनइनिट एकच, सर्व्हिसेस नावाची प्रोसेस एकच. सीएसआरएसएस मात्र दोन असतात, त्यावरून भांडू नका.

दुसरा प्रश्न, कुणाच्यात आलाय. त्याच फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्समध्ये कंपनीचं नाव आणि डिजिटल सिग्नेचर्सच्या टॅबमध्ये सही. डिटेल्समधलं कंपनीचं नाव कुणीही टाइप करू शकतं, त्याला काडीचीही किंमत नाही, सही महत्त्वाची. पण विंडोजच्या बऱ्याच स्वतःच्या फाइलींची सही फाइलीच्या आत नसते, वेगळ्या कॅटलॉगमध्ये ठेवलेली असते, त्यामुळे तो टॅबच दिसत नाही. म्हणजे टॅब नाही म्हणून नकली असं धरू नका. यासाठी प्रोसेस एक्सप्लोरर वापरा.

हा प्रोसेस एक्सप्लोरर म्हणजे टास्क मॅनेजरचा थोरला भाऊ. सिसइंटर्नल्स नावाच्या संचातला आहे, मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ मध्ये हे सुरू केलं आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं, आजही फुकट मिळतं, इन्स्टॉल पण करावं लागत नाही, झिप उघडा आणि चालवा. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या, कुठल्यातरी डाउनलोडच्या अड्ड्यावरून नको. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं, मग ऑप्शन्समध्ये व्हेरिफाय इमेज सिग्नेचर्स चालू करायचं, सहीचा एक कॉलम येतो, कॅटलॉगमधली सही पण तो तपासतो. त्याच ऑप्शन्समध्ये व्हायरसटोटलची सोय आहे, ती चालू केली की प्रत्येक फाइलचा हॅश म्हणजे बोटाचा ठसा समजा, तो पाठवला जातो आणि साधारण सत्तर अँटिव्हायरसपैकी किती जण बोंबलले ते शेजारी लिहून येतं. सत्तरपैकी एखाद-दुसरा बोंबलला तर बहुतेक वेळा उगाच असतं, तीस-चाळीस बोंबलले तर मग विचार करायला नको. फक्त एक, व्हायरसटोटलवर हाताने फाइल अपलोड करताना ग्राहकांची कागदपत्रं टाकू नका, तिथं टाकलेली फाइल इतर कंपन्यांनाही बघता येते.

तिसरा प्रश्न, बोलावलं कुणी. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये सगळं झाडासारखं दिसतं, कुणी कुणाला जन्म दिला. खरा एसव्हीसीहोस्ट कायम सर्व्हिसेसच्या पोटी असतो. क्रोमच्या पोटी दहा-वीस क्रोम असतात, ते प्रत्येक टॅब आणि एक्स्टेन्शनसाठी, चालायचंच. पण वर्डच्या पोटी पॉवरशेल, म्हणजे विंडोजला लेखी हुकूम द्यायचा प्रोग्राम, जन्मलेलं दिसलं तर नेट काढा आधी, बाकीचं नंतर.

चौथा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा, काय काम काढलंत. टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्स टॅबला जा, वरच्या कॉलमच्या पट्टीवर राइट क्लिक करा, सिलेक्ट कॉलम्स, त्यात कमांड लाइनला टिक. आता प्रत्येक प्रोसेसला सुरू होताना काय हुकूम दिला होता ते पूर्ण दिसतं.

याचा उपयोग कुठं होतो तर आपल्याकडच्या पेनड्राइव्हच्या रोगात. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला, घरी आणला, सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले, हे कुणाच्या घरी झालं नाही ते सांगा. शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की फोल्डर तर उघडतोच, सोबत एक स्क्रिप्ट, म्हणजे हुकुमांची फाइल, पण गुपचूप चालू होते. मग तुम्ही टास्क मॅनेजर बघता, तिथं डब्ल्यूस्क्रिप्ट नावाची प्रोसेस. राहतो कुठं? सिस्टिम३२. सही? मायक्रोसॉफ्टची, अस्सल. व्हायरसटोटल? स्वच्छ. तीन प्रश्नांत पास झाला आणि तरी चोर, कारण डब्ल्यूस्क्रिप्ट हा नुसता गाडीवान आहे, गाडीत माल कुणाचा ते कमांड लाइनमध्ये दिसतं, आणि तिथं अ‍ॅपडेटा किंवा टेम्पमधल्या कुठल्यातरी विचित्र नावाच्या व्हीबीएस नाहीतर जेएस फाइलचा पत्ता असतो. पॉवरशेल, रनडीएलएल३२, एमएसएचटीए ही पण अशीच गाडीवान मंडळी. पॉवरशेलच्या पुढे दोन-तीन ओळी भरतील एवढी अक्षरांची खिचडी असेल, ज्यातून एक शब्द लागत नाही, तर कुणीतरी मुद्दाम लपवलंय असं समजा.

(पेनड्राइव्हमधला डेटा गेलेला नसतो हां, लपवलेला असतो. दुसऱ्या स्वच्छ मशीनवर, शॉर्टकटला हात न लावता, फोल्डर ऑप्शन्समध्ये हिडन फाइल्स दाखवा आणि त्याखालचं हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स यावरची टिक काढा, सगळं दिसेल. लोक रडत रडत फॉरमॅट मारतात, म्हणून सांगितलं.)

आपल्याकडच्या ऑफिस आणि केंद्रांच्या मशीनवर काही नावं अशी असतात की इंटरनेटवर त्यांच्याबद्दल काही मिळत नाही आणि संशय येतो. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस घ्या, आधारसाठी बोट ठेवलं की ठसा तिथंच एन्क्रिप्ट करायचं काम तिचं. ती कायम मागे चालू राहते आणि मशीनच्या आतल्या आतच ११,१०० ते ११,१२० या नंबरच्या पोर्टपैकी (पोर्ट म्हणजे प्रोग्रामशी बोलायची खिडकी) एकावर कान लावून बसते, तेच तिचं काम आहे, ती मारली की अंगठा लागणार नाही आणि ग्राहक तुमच्या नावाने ओरडेल. जीएसटीसाठी टाकलेला ईएमसाइनर, डिजिटल सहीच्या टोकनचा प्रोग्राम, प्रिंटरचा मॉनिटर, मराठी टायपिंगचा कीबोर्ड, हे सगळे घरचे. टायपिंगवाला तर तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ वाचणारच, नाहीतर क चा क कसा उमटणार. याउलट एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर ही सॉफ्टवेअर चांगली आहेत, सही खरी आहे, पण तुम्ही आठवून बघा ती टाकली कुणी. कधीतरी कुणीतरी "रिमोटवर घेतो" म्हणून टाकायला लावलं, काम झालं आणि तो दरवाजा तसाच उघडा राहिला, असं फार ठिकाणी आहे. आठवत नसेल तर काढून टाका, लागलं तर परत टाकता येतं.

काय मारू नये ते पण ऐका. सीएसआरएसएस, विनइनिट, एलसॅस, सर्व्हिसेस यांना एंड टास्क करायला गेलात तर विंडोज आधी दम देतं, आणि ऐकलं नाही तर निळा स्क्रीन नाहीतर रिस्टार्ट, अर्धा भरलेला फॉर्म गेला. एक्सप्लोरर चुकून मारला तर टास्कबार गायब होतो पण काही बिघडत नाही, टास्क मॅनेजरमधून रन न्यू टास्क करा, एक्सप्लोरर टाइप करा, आला परत. विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर म्हणजे अपडेटवाला, तो मधेच तोडू नका, चहा पिऊन या.

आता आमच्या गिरणीकडे. मी त्याला म्हटलं प्रोसेस एक्सप्लोरर उतरव, पण चालवायच्या आधी फाइलचं नाव बदल, काहीही दे, त्याने "दाखला" दिलं. नाव का बदलायचं, तर असले लपणारे प्रोग्राम चालू प्रोसेसची नावं बघत बसतात, टास्क मॅनेजर किंवा प्रोसेस एक्सप्लोररचं नाव दिसलं की गप होतात. दाखला नावाचा प्रोग्राम चालू केल्यावर त्याला काय कळणार, पंखा चालूच राहिला, आणि वर दिसला, ७८ टक्के सीपीयू, नाव एसव्हीसीहोस्ट, एकही अक्षर चुकलेलं नाही. पण राहायला अ‍ॅपडेटामधल्या रोमिंग फोल्डरमध्ये, सही नाही, आणि झाडात सर्व्हिसेसच्या पोटी नाही तर एकदम डावीकडे कडेला, अनाथ, म्हणजे ज्याने सुरू केलं तो स्वतः निघून गेलेला. कमांड लाइनमध्ये कुठल्यातरी मायनिंग पूलचा, म्हणजे अनेक मशीन मिळून डिजिटल नाणी काढतात त्या सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट. मायनर होता. भावाच्या विजेवर आणि भावाच्या प्रोसेसरवर दुसरंच कुणीतरी मोनेरो नावाचं डिजिटल नाणं काढत होतं आणि हा बिचारा लाइट बिल का वाढलं म्हणून एसीला शिव्या देत होता.

अशा वेळी सरळ एंड टास्क केलं तर थोड्या वेळात परत उगवतो, कारण मूळ दुसरीकडे असतं. म्हणून क्रम असा ठेवा, आधी नेटची वायर काढा, मग फाइलचा पूर्ण पत्ता कागदावर लिहा किंवा मोबाइलने फोटो काढा, मग मूळ शोधा. मूळ शोधायला त्याच सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स आहे (हे दोन्ही नेट असतानाच उतरवून ठेवा म्हणजे झालं). मशीन चालू होताना जे जे आपोआप सुरू होतं त्याची सगळी यादी त्यात एका जागी येते, टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये जे दिसत नाही ते पण. ऑप्शन्समध्ये हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज करा म्हणजे पसारा कमी होतो. गुलाबी ओळ म्हणजे सहीचा पत्ता नाही, पिवळी म्हणजे फाइलच जागेवर नाही. आमचा पाव्हणा शेड्यूल्ड टास्क्समध्ये निघाला, अपडेटसारखं काहीतरी सभ्य नाव घेऊन. ओळ डिलीट करू नका, फक्त टिक काढा, चुकलं तर परत लावता येते. मग प्रोसेस मारा, आणि लगेच डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा, विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये असतो, मशीन रिस्टार्ट होतं आणि विंडोज उठायच्या आधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात. उघडी कामं आधी सेव्ह करा.

पण डिफेंडर इतके दिवस झोपला होता का? झोपवला होता. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंगमध्ये एक्सक्लूजन्स म्हणून यादी असते, इथं बघू नकोस असं डिफेंडरला सांगायची. भावाच्या मशीनवर त्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह होता. मशीन जोडून देणाऱ्याने फुकटचं विंडोज मारलेलं, ते लायसनशिवाय चालावं म्हणून अ‍ॅक्टिव्हेटर चालवलेला आणि वर सांगितलेलं "अँटिव्हायरसला हात लावू नका, विंडोज उडेल." ही यादी तुम्ही पण आत्ता उघडून बघा, साध्या वापरात ती रिकामीच असायला पाहिजे. यादी रिकामी करून स्कॅन लावल्यावर डिफेंडरने त्याच फोल्डरमधून अजून दोन फाइली ओढून काढल्या.

असल्या मशीनवर जे पासवर्ड टाइप केलेत ते सगळे गेले असं समजूनच चाला, पोर्टल, मेल, नेट बँकिंग, सगळे बदलायचे आणि ते दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा मोबाइलवरून बदलायचे, त्याच मशीनवर बसून नाही. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावा, बँकेत जाऊन रांगेत उभं राहण्याच्या आधी. आणि खरं सांगायचं तर सेवा केंद्रासारख्या मशीनवर, जिथं लोकांचे आधार-पॅन पडलेले असतात, तिथं सफाईवर भरवसा ठेवायचा नाही. शेवटी मी भावाला म्हटलं, आता मार नवीन विंडोज, पण लायसनवालं.

रविवारी बसून मारलं. सगळं नीट चालू झाल्यावर आरडी सर्व्हिस, प्रिंटर, टायपिंग टाकून घेतलं आणि डिटेल्स टॅब नावाने लावून वरपासून खालपर्यंत मोबाइलवर फोटो काढून ठेवले, पाच फोटोंत अख्खी यादी बसली. परवा त्याचा फोन आला, "दादा, एक नवीन नाव आलंय, फोटोत नव्हतं." राहतो कुठं म्हटलं. प्रोग्राम फाइल्स म्हणाला, सही आहे, नवीन स्कॅनरच्या कंपनीची, कालच घेतलाय. मग मला कशाला फोन केलास म्हटलं तर म्हणतो, "स्कॅन केलेली फाइल कुठं जाते ते सापडत नाय."